मुंबईतील अमूर्त चित्रांची व वनस्पती छायाचित्रांची प्रदर्शने

अमूर्त चित्रकला आणि वनस्पती छायाचित्रण हे मुंबईच्या कलादालनांत मांडले जाणारे दोन प्रदर्शनविषय आहेत. अमूर्त चित्रात ओळखीच्या वस्तूचे चित्रण टाळून रंग, आकार, पोत व अवकाश यांतून अनुभव साकारला जातो. वनस्पती छायाचित्रात पान, फूल, फळ यांचे रूप जवळून टिपलेले असते. शहरातील प्रमुख कलादालने दक्षिण मुंबईत एकवटली आहेत. छायाचित्रकारांना विषय पुरवणारे जंगल मात्र बोरिवली ते मुलुंड या उपनगरांच्या मधोमध आहे.

कलादालने

बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना इ.स. १८८८) ही वार्षिक प्रदर्शने भरवणारी शहरातील जुनी संस्था होय. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा येथे उभे राहिलेले जहांगीर कलादालन १९५२ मध्ये खुले झाले. येथे प्रवेश विनामूल्य असून एक प्रदर्शन साधारणतः आठवडाभर चालते. चित्रकारांना तारीख मिळण्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. गच्चीवरील दालन मुख्यतः छायाचित्रांसाठी वापरले जाते. १९९६ मध्ये जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. उपनगरांत बॉम्बे आर्ट सोसायटीची वास्तू वांद्रे येथे आहे.

अमूर्त चित्रकला

सर ज. जी. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेतलेले वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे भारतीय अमूर्त चित्रकलेतील अग्रगण्य चित्रकार मानले जातात. आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा ‘वस्तुनिरपेक्ष’ अशा अर्थाचा शब्द त्यांना अधिक पसंत होता. रूळ व रंगपाते यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढवणे आणि खरवडून काढणे ही त्यांची संथ कार्यपद्धती होती. वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत व बहुतेकांना शीर्षक देत नसत. त्यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी ओळखीच्या वस्तूंना अपरिचित अवकाशात मांडून मूर्त-अमूर्ताची सीमा तपासली. प्रभाकर कोलते यांनी अमूर्त चित्रे रंगवली, तसेच ज. जी. मध्ये अध्यापनही केले.

‘हे चित्र कशाचे आहे?’ हा प्रश्न अशा प्रदर्शनात हमखास विचारला जातो. अमूर्त चित्र मात्र कथानक सांगत नाही. ते संगीतातील आलापासारखे, शब्दार्थाविना, पाहत राहून अनुभवायचे असते. आठवडाभराच्या मुदतीत आणि गर्दीत एवढी निवांत वेळ प्रेक्षकाला क्वचितच लाभते.

वनस्पती छायाचित्रण

इंग्लंडमध्ये ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून शैवालांचे निळ्या रंगातील ठसे प्रकाशाच्या साहाय्याने घेतले. जर्मन शिक्षक कार्ल ब्लॉसफेल्ट यांची छायाचित्रे मुळात विद्यार्थ्यांना आकार शिकवण्यासाठी होती. ती १९२८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रात श्रीकांत इंगळहळीकर यांचे सह्याद्रीतील फुलांवरील सचित्र पुस्तक (२००१) आणि आयझॅक किहिमकर यांचे भारतीय रानफुलांवरील पुस्तक (२०००) यांमुळे सामान्य वाचकांना फुले ओळखणे सुलभ झाले.

दालनातील छायाचित्र आणि अभ्यासाचे छायाचित्र यांत फरक असतो. पहिल्यात प्रकाश, रचना व पार्श्वभूमी यांना महत्त्व असते. दुसऱ्यात फुलाची समोरची व बाजूची बाजू, पानांची मांडणी, फळ, तसेच स्थळ व दिनांक यांची नोंद आवश्यक ठरते.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील (सुमारे १०४ चौ. किमी) कारवी आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभळ्या-निळ्या फुलांनी उतार भरून जातात. बी धरल्यावर झुडपे मरतात. असे बहर २००८, २०१६ व २०२४ मध्ये आले. एखादा बहर चुकला की छायाचित्रकाराला आठ वर्षे थांबावे लागते. याच कारवीच्या काठ्यांच्या कुडावर माती-शेण लिंपून घरांच्या भिंती केल्या जात. वारली चित्रे अशाच भिंतींवर रंगवली गेली.

परस्परसंबंध

फार जवळून टिपलेल्या पानाच्या शिरा किंवा बियांची रचना पाहताना मूळ वस्तू क्षणभर विसरली जाते आणि केवळ रेषा, लय व पोत उरतो. याच ठिकाणी छायाचित्र अमूर्त चित्राजवळ येते. शासकीय रेखाकला परीक्षांतील संकल्पचित्रातही पानाफुलांचे आकार सोपे करून मांडले जातात, त्यामुळे या प्रक्रियेची ओळख विद्यार्थ्यांना शाळेतच होते. तरीही दोहोंचा हेतू वेगळा राहतो. अमूर्त चित्राला वस्तूची साक्ष लागत नाही; वनस्पतीचे छायाचित्र मात्र ती वनस्पती त्या ठिकाणी, त्या दिवशी होती याची साक्ष देते. बांधकामांच्या रेट्यात उपनगरांतील मोकळ्या जागा घटत असल्याने अशा नोंदींचे मोल वाढते.

हेही पाहा

जहांगीर कलादालन
वासुदेव गायतोंडे
प्रभाकर बरवे
संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
कारवी