खिशाची पाटलोण

जळगावच्या फुले मार्केटात जा, नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर. पँटी लटकलेल्या दिसतील. वजनाला हलक्या, धुऊन धुऊन न फाटणाऱ्या, उकिडवं बसलं की ताणणाऱ्या, चार-सहा खिशांच्या. आपली पोरं त्या रोज कामावर घालतात. मित्रांनो, या पाटलोणीला इतिहास आहे.

आपल्या बापजाद्यांच्या अंगावर काय होतं? लंगोटी, घोंगडी, हातात काठी. खिसा नव्हताच. बलुतं मिळायचं ते धान्यात अन् शिळ्या भाकरीत. ते पदरात घ्यायचं. कापड मिळायचं ते मढ्यावरचं, आणि त्याला म्हणायचं हक्क! खिसा लागतो रोकड मजुरीला. गावाने रोकड दिली नाही, तर खिसा कशाला लागेल?

अन् कोणी कमावून बरं कापड घातलंच, तर? सातपुड्यापलीकडे इंदूरकडच्या पंधराहून जास्त गावांत १९२८ च्या सुमारास बलाई लोकांना हुकूम निघाले. जरीकाठाची पगडी बांधायची नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. म्हणजे धोतराचा काठसुद्धा गाव ठरवणार.

तिकडे अमेरिकेत १८७३ साली उलटं घडलं. मजुरांच्या पाटलोणीचे खिसे फाटायचे, म्हणून जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशाच्या टोकांना तांब्याच्या टिकल्या ठोकल्या. लेव्ही स्ट्रॉसच्या जोडीने त्याचं पेटंट घेतलं. मजुराच्या जाड्याभरड्या कापडाला इंग्रज डंगरी म्हणायचा. ते नाव आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलं. कापड इथलं, कापूस खानदेशाचाही. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाईखाता आपल्याला बंद. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, तो आपल्या तोंडाने बाटायचा! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

पाटलोणीने जात जाते का? चाळीसगावला विचारा. २३ ऑक्टोबर १९२९. सरकारी समितीचे सभासद असलेले बाबासाहेब धुळे लाइनवरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून चाळीसगाव स्टेशनावर उतरले. बॅरिस्टर माणूस, कोट-पाटलोण वापरणारा. महारवाड्यात जायला टांगेवाले तयार होईनात. टांगा देतो म्हणाले, हाकणार नाही. पाहुण्याला पायी कसं न्यायचं, म्हणून वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर आदळले, पाय मोडला. घोडा-टांगा खाली नदीत.

म्हणून त्यांनी नुसत्या कपड्यावर भिस्त ठेवली नाही. महाडला १९२७ साली बायांना नीटनेटकं लुगडं नेसायला सांगितलं, आणि १९२८ साली कायदेमंडळात महारवतनाचं बिलही आणलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८ चा, बाबासाहेब गेल्यानंतरचा. त्याच १९५८ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने रबरासारखा ताणणारा धागा शोधला. तोच लायक्रा, आज आपल्या पँटीत आहे तो. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण बलुत्याचा पदर सुटला नसता, तर ही पँट आपल्यापर्यंत आली नसती.

काम संपलेलं नाही. कापूस वेचणाऱ्या आपल्या मायबहिणींच्या कपड्याला आजही धड खिसा नाही. मजुरीची नोट कमरेला खोचावी लागते.

तेव्हा एक करा. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा: इथं पहिली पाटलोण कोणी घातली, कोणत्या साली, शिवली कोणी, गाव काय म्हणालं. जे सांगतील ते तारखेसकट लिहून काढा. हा इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही.