दर तीन मिनिटांनी एक विमान

बर्लिन एअरलिफ्ट म्हटलं की सगळ्यांना आठवतात ती चॉकलेटं. गेल हॅल्व्हरसन नावाचा अमेरिकन पायलट रुमालांची छोटी पॅराशूट करून लहान मुलांसाठी चॉकलेटं टाकायचा, ती गोष्ट. गोष्ट खरी आहे आणि छान आहे. हा माणूस २०२२ मध्ये १०१ वर्षांचा होऊन गेला, तोवर जर्मनीत त्याला डोक्यावर घेत होते. पण मला या सगळ्या प्रकरणात जास्त रस आहे तो उरलेल्या लोकांमध्ये. म्हणजे दिवसातून दोन-तीन वेळा दहा टन कोळसा घेऊन जाणारे, आणि त्यांच्या विमानांचे स्पार्क प्लग बदलत गारठ्यात उभे राहणारे. काही आठवड्यांसाठी म्हणून पाठवलेले आणि महिनोन्‌महिने अडकलेले. आपल्यापैकी जे कुणी 'तीन आठवड्यांचं ऑनसाइट आहे रे' असं सांगून निघाले आणि हिवाळ्याचे कपडे विकत घ्यावे लागले, त्यांना हे लोक लगेच ओळखीचे वाटतील.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे चार भाग झाले आणि रशियन भागाच्या मधोमध असलेल्या बर्लिनचेही चार तुकडे झाले. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या देशांनी नवीन चलन आणलं, त्यावरून जुंपली, आणि २४ जूनला रशियाने बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. पश्चिम बर्लिनमध्ये वीस लाखांहून जास्त माणसं. गंमत बघा, रस्त्यांच्या वापराबद्दल कुठेही धड लेखी करार नव्हता, पण हवाई मार्गांबद्दल १९४५ मध्ये झाला होता. ३२ किलोमीटर रुंदीच्या तीन हवाई पट्ट्या. डॉक्युमेंटेशन का करावं, याचं इतकं चांगलं उदाहरण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

२६ जूनला अमेरिकन विमानं सुरू झाली, पाठोपाठ ब्रिटिश. यूएस एअर फोर्स हे वेगळं दल म्हणून जन्माला येऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. शहराला रोज किमान ४,५०० टन माल हवा होता, आणि हाताशी होती प्रामुख्याने सी-४७ विमानं, म्हणजे आपली डाकोटा. (हीच डाकोटा ऑक्टोबर १९४७ मध्ये आपल्या सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरली होती.) एका खेपेत साधारण तीन-साडेतीन टन. गणित करून बघा, जमणारं नव्हतंच. हे प्रकरण फार तर काही आठवडे चालेल, असं बहुतेकांना वाटत होतं, म्हणून जो सापडला त्याला जुंपलं. ऑफिसात बसून कागद हलवणारे, पण पूर्वी विमान चालवलेले लोकही कामाचे तास संपल्यावर कॉकपिटमध्ये. झोप मिळेल तेव्हा. प्रत्येक जण हीरो आणि कुणालाच कळत नाही की पुढचं विमान नक्की कुठे आहे. रिलीजच्या आदल्या रात्रीचं कुठलंही ऑफिस डोळ्यांसमोर आणा.

जुलैअखेर तिथे विल्यम टनर आला. वय ४२, मेजर जनरल. याचा आपल्या देशाशी संबंध आहे: दुसऱ्या महायुद्धात आसाममधल्या चाबुआसारख्या विमानतळांवरून हिमालय ओलांडून चीनला माल पोचवणारी जी मोहीम होती, 'हंप', ती १९४४ पासून हाच चालवत होता. तिथेच त्याला 'विली द व्हिप' म्हणजे चाबूकवाला विली असं नाव पडलं. हवाई वाहतूक हा एक स्वतंत्र धंदा आहे आणि त्यात शौर्याला फार जागा नाही, असं त्याचं ठाम मत. थरार दिसला की समजावं काहीतरी गडबड आहे.

आल्यावर दोन आठवड्यांत त्याला हवं ते उदाहरण मिळालं. १३ ऑगस्ट १९४८, शुक्रवार. टनर स्वतः बर्लिनला निघाला होता, एका पायलटच्या सत्कारासाठी. ढग खाली आलेले, पाऊस, रडारवर नीट दिसत नाही. टेंपलहॉफ विमानतळ शहराच्या मधोमध, उतरताना दोन्ही बाजूंना पाच-सहा मजली इमारती आणि वाटेत एक कब्रस्तान. एक सी-५४ धावपट्टी ओलांडून गेलं आणि पेटलं; क्रू वाचला. त्याच्या मागच्याने जोरात ब्रेक मारले तर टायर फुटले. तिसरं अर्धवट बांधलेल्या धावपट्टीवर उतरलं. आणि वर, ३,००० पासून १२,००० फुटांपर्यंत, एकावर एक रचल्यासारखी विमानं घिरट्या घालत होती, त्यातच एकात टनर. त्याने रेडिओवर हुकूम दिला की माझं विमान सोडून सगळ्यांना परत पाठवा.

त्यानंतर आलेले नियम मला फार आवडतात. ऊन असो वा धुकं, उड्डाण कायम इन्स्ट्रुमेंटवरच. दोन विमानांत तीन मिनिटांचं अंतर. जायचं उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या पट्टीने आणि यायचं मधल्या पट्टीने, म्हणजे सगळं वन-वे. आणि सर्वांत महत्त्वाचं, उतरण्याचा प्रयत्न एकदाच. हुकला तर दहा टन माल घेऊन मुकाट परत जायचं आणि पुन्हा रांगेत लागायचं. ऐकायला उधळपट्टी वाटते. पण एका विमानाने दुसरा प्रयत्न केला की मागच्या वीस जणांचं वेळापत्रक कोसळतं. रिट्राय केल्यामुळे अख्खा सर्व्हर आडवा झालेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता या नियमांत राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा होता?

समजा, तो फ्रँकफर्टजवळच्या ऱ्हाइन-मेनवर आहे. पाऊस इतका आणि चिखल इतका, की सगळे त्याला 'ऱ्हाइन-मड' म्हणायचे. कोळशाची पोती आधीच ट्रकमधून विमानापाशी आलेली. ट्रक चालवणाऱ्यांत अमेरिकन लष्कराच्या कृष्णवर्णीय तुकड्या होत्या. जुलै १९४८ मध्येच ट्रुमनने सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला होता, पण प्रत्यक्षात तुकड्या अजून वेगळ्याच होत्या. पोती चढवणारे बरेचसे पूर्व युरोपातले निर्वासित. पायलट, को-पायलट आणि फ्लाइट इंजिनिअर चढले. ठरलेला वेग, ठरलेली उंची. फुल्डाच्या बीकनवरून जाताना प्रत्येकाने आपली वेळ रेडिओवर सांगायची, मागच्याने ती ऐकून स्वतःचं घड्याळ बघायचं. पट्टीच्या बाहेर गेलात तर खाली रशियन. शेवटी रडारच्या गाडीत अंधारात बसलेला एक माणूस तुम्हाला आवाजाने खाली आणणार: थोडं डावीकडे, थोडं वर, आता ठीक. हिवाळ्यात कित्येकदा धावपट्टीचे दिवे अगदी शेवटच्या क्षणी दिसायचे.

उतरल्यावर पूर्वी क्रू कँटीनमध्ये जायचा. टनरने ते बंद केलं. विमानापासून हलायचं नाही. हवामानाचा माणूस आणि पुढच्या उड्डाणाचे कागद जीपमधून तुमच्याकडे येणार, आणि कॉफी-सँडविचची गाडीही तिथेच येणार. गाडीवर जर्मन मुली असायच्या. टनरने सुंदर मुली मुद्दाम निवडायला सांगितलं होतं म्हणतात, आणि मला ते पटतं, कारण त्याने कुठलीच गोष्ट सहज केली नाही. तोवर जर्मन कामगार विमान रिकामं करायचे. त्यांच्यासाठी मोठं आकर्षण पगाराइतकंच गरम जेवणाचं होतं. अर्ध्या तासाच्या आसपास परतीचं इंजिन सुरू. रात्री, पहाटे, नाताळला, कधीही.

पायलटला निदान आकाश तरी होतं. माझी खरी सहानुभूती मेकॅनिकना आहे.

सी-५४ हे लांब पल्ल्याचं विमान. समुद्र ओलांडायचा, दिवसातून एकदा उतरायचं, या हिशेबाने बनवलेलं. इथे ते पूर्ण भरून दिवसातून अनेक वेळा उडत होतं आणि आदळत होतं. टायर, ब्रेक, इंजिनं भराभर झिजायला लागली. चार इंजिनं, प्रत्येकात चौदा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग: एका विमानाला ११२ प्लग. आणि त्यावर कोळशाची भुकटी. पोत्यातून झिरपून ती फ्लोअरखाली जायची, वायरिंगच्या जोडात शिरायची, कंट्रोलच्या केबल घासून काढायची. पोती भिजवून बघितली, फ्लोअरच्या फटी बुजवून बघितल्या, पूर्ण इलाज कधी सापडला नाही. मीठ तर त्याहून वाईट, विमान गंजवणारं. त्यावर ब्रिटिशांनी मस्त तोड काढली: समुद्रावर चालायला बनवलेली सुंदरलँड फ्लाइंग बोट, जिला खाऱ्या पाण्याचं वावडं नाही. ती हांबुर्गहून मीठ घेऊन थेट बर्लिनच्या हाफेल तळ्यात उतरायची. डिसेंबरमध्ये बर्फाची भीती सुरू झाल्यावर ते थांबलं.

दर २०० तासांनी विमानाची मोठी तपासणी. हे काम नोव्हेंबर १९४८ मध्ये म्युनिकजवळच्या ओबरफाफेनहोफेनहून इंग्लंडमधल्या बर्टनवूडला हलवलं. बर्टनवूड म्हणजे लँकेशायरमधला युद्धकालीन तळ, ओल, धूर, राहायला मोडक्या बराकी. तिथे कोणी चॉकलेट टाकत नव्हतं, वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर फिरकत नव्हते. समोर आलेलं विमान धुवायचं, काळं पाणी निथळेपर्यंत, उघडायचं, जोडायचं, पाठवायचं, की पुढचं हजर. ठरलेला रोजचा आकडा तिथे बरेच महिने गाठला जात नव्हता, आणि आकडा गाठला नाही की प्रश्न विचारायला माणसं यायची. यातले अनेक जण तात्पुरत्या ड्यूटीवर आलेले. बायको-मुलं अमेरिकेत, घराचा भाडेकरार तिकडे, गाडी तिकडे पार्किंगमध्ये, आणि मुदत वाढत वाढत चाललेली. परत कधी, याचं उत्तर वरिष्ठांकडेही नव्हतं, कारण ते स्टॅलिनच्या हातात होतं.

मेकॅनिक पुरेनात तेव्हा टनरने आणखी एक गोष्ट केली, जी मला चॉकलेटांपेक्षा मोठी वाटते. त्याने जर्मन हवाई दलातले जुने मेकॅनिक कामावर घेतले. लुफ्तवाफेचा माजी जनरल हान्स-डेटलेफ फॉन रोडेन याने माणसं गोळा केली, मॅन्युअल जर्मनमध्ये भाषांतरित झाली. तीन वर्षांपूर्वी जे एकमेकांची विमानं पाडत होते, ते आता एकाच इंजिनावर वाकलेले. यावर फारशी भाषणं झाली नाहीत. कामच इतकं होतं.

टनरचा दुसरा चेहराही सांगायला हवा. प्रत्येक तळावर मोठे फळे लावलेले, कुठल्या स्क्वॉड्रनने काल किती टन नेले. 'टास्क फोर्स टाइम्स' नावाचं छोटं वर्तमानपत्र रोज हेच आकडे छापायचं. स्पर्धा लागायची आणि आकडे चढायचे. आपल्याकडे टीम लीडच्या मागे जो डॅशबोर्ड लटकलेला असतो, त्याचे आजोबा! पण त्याच पेपरात जेक शुफर्ट नावाचा सार्जंट व्यंगचित्रं काढायचा, घाणेरड्या जेवणावर, वाढत्या मुदतींवर, साहेबांवर. टनरने ती छापू दिली. १९४८ च्या नाताळात बॉब होप करमणुकीला आला, तेव्हा आधी ठरलेले कार्यक्रम एअरलिफ्टच्या तळांपासून दूर होते. टनरने भांडून ते बदलून घेतले. चाबूक होताच, पण आपली माणसं थकली आहेत हे त्याला दिसत होतं. माझ्या मते त्याने केलेला सर्वांत मोठा उपकार मात्र ती तीन मिनिटं हाच. ज्या दिवशी पायलटला स्वतःच्या अकलेने काही ठरवावं लागेनासं झालं, त्या दिवसापासून तो थकलेला असतानाही जिवंत परतण्याची शक्यता वाढली. कंटाळा हीच सुरक्षितता. फक्त तो कंटाळा रोज कुणाला तरी जगावा लागत होता, हे आकड्यांच्या फळ्यावर येत नाही.

नोव्हेंबरचं धुकं इतकं भयंकर होतं, की एके दिवशी ४२ विमानं निघाली आणि बर्लिनमध्ये एकच उतरू शकलं. शहरातला कोळसा दिवसांवर मोजायची वेळ आली. नवीन पायलट आता माँटानातल्या ग्रेट फॉल्सहून येत होते. तिथल्या आकाशात बर्लिनच्या हवाई पट्ट्यांची हुबेहूब नक्कल केली होती, म्हणजे सरळ स्टेजिंग एन्व्हायर्नमेंट. जानेवारीत हवा सुधारली. एप्रिल १९४९ मध्ये, ईस्टरच्या वेळी, टनरने कंटाळा घालवायला म्हणून एका दिवसाचा विक्रम ठरवला. फक्त कोळसा, म्हणजे मालाची विभागणी नको. चोवीस तासांत १२,९४१ टन, जवळपास १,४०० उड्डाणं. दिवसात मिनिटं असतात १,४४०.

१२ मे १९४९ ला रशियाने नाकेबंदी उठवली. पण विमानं थांबली नाहीत, साठा करून ठेवायचा म्हणून ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहिली. म्हणजे जिंकल्यावरही साडेचार महिने तीच शिफ्ट, तोच कोळसा. एकूण साधारण २३ लाख टन माल आणि पावणेतीन लाखांहून जास्त उड्डाणं.

मृत्यूंची नोंद १०१ जणांची आहे, त्यात ३१ अमेरिकन. सगळे काही विमान कोसळून गेले नाहीत. काही जमिनीवर काम करताना गेले. टेंपलहॉफसमोर १९५१ मध्ये उभारलेलं स्मारक आहे, आकाशाकडे वाकलेल्या तीन फासळ्या, प्रत्येक हवाई पट्टीसाठी एक. खाली नावं कोरलेली आहेत. विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. ज्या धावपट्टीवर उतरायला एकच संधी मिळायची, तिच्यावर आता लोक सायकली चालवतात आणि पतंग उडवतात.