खाऱ्या वाऱ्यातला अ‍ॅम्प्लिफायर : जुन्या ध्वनियंत्राची दुरुस्ती आणि त्यातील बदल

खार पश्चिमेकडील खारदांडा हा अरबी समुद्राच्या काठावरचा जुना कोळीवाडा. समुद्रावरून येणारा वारा येथे वर्षभर मिठाचे सूक्ष्म कण आणि दमटपणा घेऊन घरात शिरतो. खिडकीचे गज आणि दाराच्या बिजागऱ्या यांवरचा त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. बंद पेटीतल्या ध्वनियंत्रावर होणारा परिणाम मात्र दिसण्याआधी ऐकू येतो. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर, मध्येच गप्प होणारा एक स्पीकर, पार्श्वभूमीला सतत चालणारी भुणभुण ही त्याची लक्षणे होत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा सुरू करू पाहणाऱ्याने येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. बिघडलेला भाग शोधण्याआधी खारावलेला सांधा शोधणे आवश्यक असते.

घराघरांतील जुनी यंत्रे

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार व्हॉल्व्हचा. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि घरगुती ध्वनीच्या दर्जाचा मापदंडच बदलला. पुढे १९५४ मध्ये मुलार्ड कंपनीने ईएल ८४ या लहान व्हॉल्व्हवर आधारित दहा वॅटचा आराखडा दिला. सुटे भाग जमवून यंत्र बांधणाऱ्या हौशी मंडळींत तो जगभर लोकप्रिय ठरला. भारतात बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने व्हॉल्व्ह आणि नंतर ट्रान्झिस्टरही बनवले. जुन्या यंत्रांत तिचे 'बेल' हे नाव आजही आढळते.

दुसरा प्रकार ट्रान्झिस्टरचा. १९७० आणि १९८०च्या दशकांत परदेशी ध्वनियंत्रांच्या आयातीवर निर्बंध आणि भारी जकात होती. त्यामुळे एकीकडे देशी बनावटीचे स्टिरिओ घरात आले, तर दुसरीकडे आखातातून परतणाऱ्यांनी जपानी यंत्रे आणली. कोळीवाड्यातील हळदी, लग्ने आणि सार्वजनिक उत्सव यांसाठी मात्र अहुजासारख्या कंपन्यांचे जाहीर ध्वनिक्षेपणाचे अ‍ॅम्प्लिफायर वापरात होते. या तिन्ही तऱ्हांच्या यंत्रांची अंतर्रचना वेगवेगळी असली, तरी खाऱ्या हवेने होणारा त्रास सारखाच आहे.

मीठ नेमके काय करते?

मिठाचा कण हवेतील ओलावा ओढून घेतो. त्या ओल्या थरातून तांब्यावर हिरवट, पोलादावर तांबूस आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते. जेथे दोन वेगळे धातू एकमेकांना टेकतात, उदाहरणार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या हीट सिंकमधील पोलादी स्क्रू, तेथे ही झीज अधिक वेगाने होते. निवडीचे स्विच, इनपुटची सॉकेटे, फ्यूजची बैठक, व्हॉल्व्हची सॉकेटे आणि आवाजाचे पॉट यांचे स्पर्शबिंदू क्षीण होतात. जुनी छापील सर्किटे बहुधा कागद आणि राळ यांपासून बनवलेली असतात. ती पावसाळ्यात ओलावा शोषतात आणि जिथे वाहू नये तिथे अल्प प्रवाह वाहू लागतो.

यातील सर्वांत घातक सांधा आकाराने सर्वांत लहान असतो. आउटपुट ट्रान्झिस्टरमधून शांत अवस्थेत किती प्रवाह वाहावा, हे ठरवणारा एक छोटा प्रीसेट सर्किटवर बसवलेला असतो. त्याच्या फिरत्या टोकाचा स्पर्श सुटला, तर अनेक आराखड्यांत हा प्रवाह एकदम वाढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर काही क्षणांत जळतात. दुरुस्ती करणारा नवे ट्रान्झिस्टर बसवतो. मूळ दोष तसाच असल्याने तेही जळतात. दोन-तीनदा असे झाले की यंत्र भंगारात जाते. प्रत्यक्षात दोष असतो तो काही रुपयांच्या प्रीसेटमध्ये. व्हॉल्व्हच्या यंत्रात सॉकेटची पिन खारावली आणि ग्रिडला मिळणारे ऋण व्होल्टेज तुटले, तर व्हॉल्व्हची प्लेट लालभडक होते. कारण तेच, रूप वेगळे.

उघडण्यापूर्वी

जुने यंत्र माळ्यावरून उतरवून थेट प्लगमध्ये लावणे टाळावे. व्हॉल्व्हच्या यंत्रात तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. काही हजार ओहमच्या, पुरेशा वॅटच्या रेझिस्टरमधून तो उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते. ज्याला या कामाचा सराव नाही, त्याने ते जाणत्या कारागिराकडे सोपवावे. काही जुन्या रेडिओंत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि धातूची शॅसी थेट विजेच्या तारेशी जोडलेली असते. अशा यंत्राला तर हौशी माणसाने हात लावूच नये.

पहिली चाचणी आपल्याकडील प्रत्येक मेकॅनिककडे असलेल्या सिरीज बोर्डवर करावी. यात शंभर वॅटचा तारेचा दिवा यंत्राच्या मालिकेत जोडलेला असतो. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर यंत्र बहुधा ठीक आहे. तो प्रखर तेवत राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे आणि तो अतिरिक्त प्रवाह दिव्यानेच अडवला आहे. डिमरस्टॅट उपलब्ध असल्यास व्होल्टेज हळूहळू वाढवता येते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांना असा वेळ मिळणे हिताचे असते.

निदानाचा क्रम

आधी स्वच्छता, मग मोजमाप, मग बदल असा क्रम असावा. कोरड्या ब्रशने धूळ काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने सर्किट पुसावे. स्विच आणि पॉट यांसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा. पॉलिश पेपरने घासल्यास स्पर्शबिंदूंवरचा चांदीचा मुलामा निघून जातो आणि दोष पुन्हा लवकर उद्भवतो. सॉकेटे काढून पुन्हा घट्ट बसवावीत. निस्तेज, भेगाळलेले सांधे नव्याने सोल्डर करावेत. प्रीसेट बदलून त्याजागी बंदिस्त, अनेक फेऱ्यांचा प्रीसेट बसवावा. एवढ्याने बरेच आजार दूर होतात.

उरलेल्या भुणभुणीचे निदान कानानेही करता येते. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. खर्जातली भुणभुण ५० हर्ट्झची असेल, तर अर्थिंग किंवा इनपुटच्या वायरीच्या आच्छादनात दोष असण्याची शक्यता अधिक. ती एक सप्तक वर, म्हणजे १०० हर्ट्झची असेल, तर वीजपुरवठा विभागातील मोठे कपॅसिटर दुबळे झालेले असतात. ते बदलताना ८५ ऐवजी १०५ अंश सेल्सिअस मर्यादेचे घ्यावेत. तापमान दहा अंशांनी कमी राहिले, तर कपॅसिटरचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. व्हॉल्व्हच्या यंत्रातील मेण लावलेले कागदी कपॅसिटर मात्र न तपासता बदलावेत. त्यांतून होणारी गळती महागडे व्हॉल्व्ह खाऊन टाकते.

शेवटी शांत प्रवाह मोजावा. आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटरला ०.४७ ओहमचा रेझिस्टर असेल आणि उत्पादकाने ५० मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह सांगितला असेल, तर त्या रेझिस्टरवर २३.५ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. स्पीकर थेट जोडलेल्या आराखड्यात आउटपुटवरील एकदिश व्होल्टेज काही दशक मिलिव्होल्टच्या आत असल्याची खात्री झाल्यावरच स्पीकर जोडावा. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र आउटपुटला भार जोडल्याशिवाय चालवू नये, अन्यथा आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका पोहोचतो. चाचणीपुरता स्पीकरऐवजी योग्य रेझिस्टर जोडावा.

नवा भाग, जुना आराखडा

जाड धातूच्या टोपीचा २ एन ३०५५ हा ट्रान्झिस्टर जुन्या यंत्रांत सर्रास आढळतो. त्याच नावाचा नवा ट्रान्झिस्टर बाजारात मिळतो. पण तो हुबेहूब तसाच नसतो. सुरुवातीच्या बनावटीची गतिमर्यादा सुमारे ०.८ मेगाहर्ट्झ होती, तर नंतरच्या बनावटीची किमान २.५ मेगाहर्ट्झ आहे. मंद ट्रान्झिस्टर गृहीत धरून आखलेल्या सर्किटमध्ये जलद ट्रान्झिस्टर बसवल्यास कानाला न ऐकू येणारी आंदोलने सुरू होऊन यंत्र विनाकारण तापू शकते. त्यामुळे शक्यतो दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर एकाच बनावटीचे, जोडीने घ्यावेत आणि ऑसिलोस्कोपवर खात्री करावी. बनावट मालही विपुल आहे. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, खरेदी करताना केवळ छापील नावावर विसंबू नये. ट्रान्झिस्टरसोबत अभ्रकाची चकती आणि उष्णतावाहक लेपही नवाच वापरावा.

कोणते बदल करावेत?

काही बदल आवश्यकच असतात. मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या आणि शॅसी विजेपासून अलग असलेल्या यंत्राला तीन तारांची वायर व योग्य फ्यूज द्यावा. आखातातून आलेल्या यंत्राच्या मागील व्होल्टेज सिलेक्टर २२० किंवा २४० वर असल्याचे पाहावे. यंत्र केवळ २२० व्होल्टसाठी असेल, तर २४० व्होल्टवर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ ऐवजी जवळपास ६.९ व्होल्ट मिळतात आणि आयुष्य घटते. स्पीकरच्या रक्षणासाठी विलंबाने जोडणारा रिले बसवणेही शहाणपणाचे ठरते.

आजच्या सीडी प्लेअरचा संकेत सुमारे दोन व्होल्टचा असतो. जुन्या इनपुटची अपेक्षा बहुधा दीड-दोनशे मिलिव्होल्टची असते. त्यामुळे आवाज फाटतो आणि दोष मात्र अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो. ४७ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि ४.७ किलोओहमचा जमिनीकडे जोडल्यास संकेत अकराव्या हिश्शावर येतो. हा बदल बाहेरच्या वायरीतही करता येतो आणि हवा तेव्हा काढताही येतो.

वॅट वाढवण्याचा मोह मात्र आवरावा. तीस वॅटचे साठ वॅट केले, तरी वाढ अवघी तीन डेसिबल होते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारणपणे दहापट शक्ती लागते. एवढ्यासाठी व्होल्टेज वाढवले, तर ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि हीट सिंक यांपैकी काहीतरी दगा देतेच. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दाट वस्तीच्या कोळीवाड्यात शक्तीपेक्षा स्वच्छ ध्वनी अधिक उपयोगी पडतो.

दुरुस्तीनंतरची निगा

काढलेले मूळ भाग पाकिटात घालून, त्यावर जागा आणि तारीख लिहून यंत्रासोबत ठेवावेत. पुढच्या कारागिराला त्याचा मोठा आधार होतो. यंत्र खिडकीपासून दूर, भिंतीला न चिकटवता ठेवावे. पण हवेची छिद्रे प्लॅस्टिकने झाकू नयेत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तासभर ते चालवावे. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा निघून जातो. त्या वेळी प्रत्येक स्विच आणि बटण टोकापासून टोकापर्यंत काही वेळा फिरवावे. समुद्राकाठच्या घरात जुना अ‍ॅम्प्लिफायर वापरामुळे जितका झिजतो, त्याहून अधिक तो नुसता पडून राहिल्याने झिजतो.