‘टॉप’ यादी क्षणात कशी येते? लोकप्रियतेचं रँकिंग आधीच मोजून ठेवण्याचं तंत्र

तुम्ही एखादं ॲप उघडता. वर ‘ट्रेंडिंग’, खाली ‘या आठवड्यात सर्वाधिक वाचलेलं’. बोट सरकवायच्या आत यादी हजर असते. त्या यादीमागे लाखो लोकांचे क्लिक, लाइक, डाउनलोड असतात. मग तुम्ही ॲप उघडलंत त्या क्षणी सर्व्हरने ते सगळे मोजले का?

नाही. ती यादी तुम्ही येण्याआधीच तयार होती. उत्तर आधी काढून ठेवायचं आणि विचारलं की फक्त उचलून द्यायचं, या पद्धतीला प्रीकम्प्युटिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण काय मोजायचं, कधी मोजायचं आणि किती शिळं चालेल, हे तीन निर्णय चुकले की यादी एकतर हळू होते, नाहीतर वेगाने चुकीचं दाखवते. माझ्या हातून दोन्ही झालं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

साइट बसली ती रात्र

इंजिनिअरिंगला असताना मी आणि माझ्या रूममेटने नोट्स आणि जुन्या प्रश्नपत्रिकांची एक छोटी साइट बनवली होती. नोकरी लागल्यावरही ती चालू ठेवली. होमपेजवर ‘सर्वाधिक डाउनलोड झालेल्या नोट्स’ अशी वीस नावांची यादी होती.

रचना साधी होती. कुणी फाइल डाउनलोड केली की एका टेबलात एक ओळ जायची: कोणती फाइल, कुणी, किती वाजता. होमपेज उघडलं की क्वेरी त्या सगळ्या ओळींचे फाइलनुसार गट करायची, प्रत्येक गट मोजायची, उतरत्या क्रमाने लावायची आणि पहिली वीस नावं द्यायची.

पाच हजार ओळी होत्या तोवर काही जाणवलं नाही. तीन वर्षांत त्या चाळीस लाखांच्या आसपास गेल्या. परीक्षेच्या आदल्या रात्री होमपेज उघडायला आठ-नऊ सेकंद लागायला लागले. पोरं थांबतात थोडीच? रिफ्रेश मारायची. प्रत्येक रिफ्रेश म्हणजे त्याच चाळीस लाख ओळींची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. साडेअकराच्या सुमारास सर्व्हरने मान टाकली आणि ज्यांना त्या रात्री नोट्स हव्या होत्या त्यांना त्या मिळाल्या नाहीत.

इंडेक्स टाकला असता तर? फारसा फरक पडला नसता. एखादी ओळ शोधायची असेल तर इंडेक्स कामाचा. इथे तर सगळ्याच ओळी मोजायच्या होत्या.

रोजकीर्द आणि खातेवही

जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणारा दुकानदार आठवा. दिवसभराचा प्रत्येक व्यवहार रोजकीर्दीत क्रमाने उतरतो. पण ‘माझी उधारी किती झाली?’ असं कुणी विचारलं, तर तो वर्षभराची रोजकीर्द चाळत बसत नाही. खातेवहीत त्या माणसाचं पान उघडतो आणि शेवटचा आकडा सांगतो.

माझ्या साइटवर रोजकीर्द होती, खातेवही नव्हती. एक डाउनलोड एकदाच घडतं, पण यादी हजारदा बघितली जाते. म्हणजे मेहनत वाचताना नाही, लिहिताना करायला हवी. कॉलेजात डेटाबेस शिकताना ‘एकच माहिती दोनदा ठेवू नका’ हे आपल्या डोक्यात पक्कं बसवतात. ते बरोबरच आहे. पण इथे आपण तो नियम जाणूनबुजून मोडतो आणि त्याबदल्यात एक जबाबदारी घेतो: दोन्ही वह्या जुळत्या ठेवायच्या.

मोजून ठेवायचे तीन मार्ग

१. काउंटर. फाइलच्या टेबलातच ‘एकूण डाउनलोड’ असा कॉलम ठेवायचा आणि प्रत्येक वेळी त्यात एक मिळवायचा. त्या कॉलमवर इंडेक्स असला की पहिली वीस नावं काढायला डेटाबेसला साधारण वीसच ओळी बघाव्या लागतात. एक खाच मात्र आहे. ‘आकडा वाच, एक मिळव, परत लिही’ हे तुमच्या कोडमध्ये करू नका. दोघांनी एकाच क्षणी १०० वाचलं तर दोघंही १०१ लिहितात आणि एक डाउनलोड गायब होतं. ‘आहे त्यात एक मिळव’ असा एकच आदेश डेटाबेसला द्या. दुसरी अडचण म्हणजे एखादी फाइल व्हायरल झाली तर सगळे त्याच ओळीच्या लॉकसाठी रांगेत उभे राहतात. अशा वेळी आकडे थोडा वेळ बाजूला जमा करून एकगठ्ठा मिळवतात.

२. ठरावीक वेळाने मोजणी. दर दहा मिनिटांनी एक क्रॉन जॉब चालतो, रँकिंग काढतो आणि वेगळ्या टेबलात ठेवतो. होमपेज फक्त तेच टेबल वाचतं. पोस्टग्रेसमध्ये यासाठी मटीरियलाइज्ड व्ह्यू ही तयार सोय ९.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून आहे. साध्या रिफ्रेशच्या वेळी तो व्ह्यू वाचणाऱ्यांनाही थांबावं लागतं. २०१४ च्या ९.४ आवृत्तीत न अडवता रिफ्रेश करायचा पर्याय आला, पण त्यासाठी व्ह्यूवर युनिक इंडेक्स लागतो.

३. मेमरीतली क्रमवारी. रेडिसमध्ये सॉर्टेड सेट नावाची रचना आहे. प्रत्येक नावाला एक गुण, आणि गुण बदलला की नाव आपोआप योग्य जागी सरकतं. गेममधल्या लीडरबोर्डसाठी ही उत्तम. मात्र मूळ नोंदी डेटाबेसमध्येच राहू द्या. मेमरीतली यादी उडाली तर ती पुन्हा बांधता आली पाहिजे.

दहा मिनिटं शिळी यादी कुणाला खटकत नाही, हे लक्षात घ्या. बँकेतली शिल्लक शिळी चालत नाही, लोकप्रियता चालते. यूट्यूबवर पूर्वी नव्या व्हिडिओचे व्ह्यूज ३०१ वर अडकून बसायचे, हे काहींना आठवत असेल. व्ह्यूज खरे आहेत का हे तपासेपर्यंत आकडा पुढे सरकत नसे. ऑगस्ट २०१५ मध्ये ती पद्धत बंद झाली. पण तोवर लोक तो आकडा बघून हसायचे, व्हिडिओ बघणं थांबवायचे नाहीत.

वेग आला, यादी चुकली

मी पहिला मार्ग घेतला. होमपेज क्षणात उघडायला लागलं आणि मी खूश झालो. पुढच्या परीक्षेनंतर तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा मेसेज आला: “दादा, तुमच्या साइटवर टॉपला जी फाइल आहे ती जुन्या पॅटर्नची आहे. मी युनिट तीन त्यातूनच केलं. पेपरात त्यातलं काहीच नव्हतं.”

मी आकडे बघितले. माझं कोड बरोबर होतं. त्या फाइलचे डाउनलोड खरंच सगळ्यात जास्त होते, कारण ती तीन वर्षं साइटवर होती. नव्या पॅटर्नची चांगली फाइल दोन महिन्यांपूर्वी आली होती, ती तिला कधी गाठणार? ‘एकूण’ हा आकडा नेहमी जुन्याच्या बाजूने असतो.

वेळ मोजणारी दोन सूत्रं

ही अडचण मोठ्या साइट्सनाही आली. त्यांची दोन उत्तरं शिकण्यासारखी आहेत.

हॅकर न्यूज ही साइट २००७ मध्ये सुरू झाली. तिचं प्रसिद्ध झालेलं सूत्र असं: मतांमधून १ वजा करा, पोस्टच्या वयात (तासांत) २ मिळवा, त्या बेरजेचा १.८ वा घात काढा आणि पहिल्या आकड्याला त्याने भागा. एका तासापूर्वीच्या, ११ मतांच्या पोस्टला सुमारे १.३८ गुण मिळतात. दहा तासांपूर्वीच्या, १०१ मतांच्या पोस्टला सुमारे १.१४. म्हणजे नवी पोस्ट वर.

रेडिटचं ‘हॉट’ सूत्र वेगळं आहे. २००८ मध्ये रेडिटने आपलं कोड खुलं केलं, त्यात ते सगळ्यांना दिसलं. पसंतीची मतं वजा नापसंतीची मतं, त्याचा १० च्या पायाचा लॉग काढायचा आणि त्यात पोस्ट टाकल्याची वेळ (एका ठरलेल्या क्षणापासूनचे सेकंद) ४५,००० ने भागून मिळवायची. ४५,००० सेकंद म्हणजे साडेबारा तास. थोडक्यात, साडेबारा तास जुन्या पोस्टला नव्या पोस्टच्या बरोबरीने राहायचं असेल तर दहापट मतं लागतात.

आता डेटाबेसच्या नजरेने बघा. पहिल्या सूत्रात पोस्टचं वय आहे. वय दर मिनिटाला बदलतं, म्हणून एकही नवं मत न पडता सगळ्यांचे गुण बदलतात आणि क्रमही बदलू शकतो. साठवलेला गुण लगेच शिळा होतो, म्हणून अलीकडच्या पोस्टचे गुण ठरावीक वेळाने पुन्हा काढावेच लागतात. दुसऱ्या सूत्रात वय नाही, पोस्ट टाकल्याची वेळ आहे, आणि ती कधीच बदलत नाही. जुन्या पोस्टचे गुण कमी होत नाहीत, नव्या पोस्ट जास्त गुण घेऊन जन्माला येतात. त्यामुळे गुण कॉलममध्ये साठवा, इंडेक्स लावा आणि मत पडलं तरच त्या एका ओळीचा गुण बदला.

शेवटी मी काय केलं

नोट्सना यातलं कोणतंच सूत्र जसंच्या तसं लागू होईना. वर्षभर जुन्या नोट्सही उत्तम असू शकतात. म्हणून मी दिवसवार टेबल केलं: फाइल, तारीख, त्या दिवसाचे डाउनलोड. दर दहा मिनिटांनी शेवटच्या सात दिवसांची बेरीज करून रँकिंग काढायचं. चाळीस लाखांऐवजी काही हजार ओळी, काम चुटकीसरशी.

तरी जुनी फाइल वरच राहिली! कारण लोक टॉपला दिसते म्हणून ती उघडत होते, आणि ते उघडत होते म्हणून ती टॉपला राहत होती. यादी स्वतःलाच मतं देत होती. मग दोन बदल केले. यादीवरून आलेले डाउनलोड रँकिंगमध्ये मोजणं बंद केलं, फक्त सर्च किंवा शेअर केलेल्या लिंकवरून आलेले मोजले. आणि प्रत्येक विषय व पॅटर्नसाठी स्वतंत्र यादी केली. दुसरा बदल सगळ्यात सोपा होता, आणि खरं तर तोच पहिल्या दिवशी करायला हवा होता.

स्टार रेटिंग असेल तर

एकाच माणसाने पाच स्टार दिलेली फाइल आणि चाळीस जणांनी सरासरी ४.६ दिलेली फाइल यात वर कोण? नुसती सरासरी पहिलीला वर ठेवते. उपाय म्हणजे प्रत्येक फाइलला आधीच काही मध्यम मतं आहेत असं धरायचं. समजा साइटची सरासरी ३.८ आहे आणि आपण अशी १० मतं धरली. पहिली फाइल ३.९१ वर येते, दुसरी ४.४४ वर राहते. हा गुणही साठवता येतो, कारण तो प्रामुख्याने मत पडल्यावरच बदलतो. साइटची सरासरी हळू सरकते, ती रोज एकदा बदलली तरी पुरते.

स्वतः करत असाल तर हे तपासा

• एकाच माणसाने एका दिवसात दहादा डाउनलोड केलं तर एकदाच मोजा.
• आधीचा जॉब संपला नसेल तर पुढचा सुरू होऊ देऊ नका.
• रोज रात्री मूळ नोंदींवरून आकडे पडताळा. दोन वह्या कधी ना कधी चुकतातच.
• काढून टाकलेली फाइल यादीतूनही जाते ना, बघा.
• दोघांचे गुण सारखे असतील तर क्रम कशाने ठरेल ते पक्कं करा, नाहीतर पान उलटलं की तीच फाइल पुन्हा दिसते.
• यादीखाली ‘कधी अपडेट झाली’ ती वेळ दाखवा.

आणि तुम्ही फक्त वापरणारे असाल, तर एवढं लक्षात ठेवा. टॉपला असणं म्हणजे कुणीतरी ठरवलेल्या सूत्रात, काही मिनिटांपूर्वी, जास्त गुण मिळणं. ते तुमच्या कामाचं आहे की नाही, हे त्या सूत्राला माहीत नसतं. परीक्षेच्या आदल्या रात्री पहिली फाइल उघडण्याआधी तिचा पॅटर्न तेवढा बघून घ्या.