अनुभव आणि प्रमाणपत्र : अमेरिकेतील मद्यासक्ती-समुपदेशकाच्या पेशाची जडणघडण

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या नागरी सेवेत ‘मद्यासक्तीविषयक समुपदेशक’ हे एक नवे पद निर्माण करण्यात आले. ह्या पदासाठी मुख्य अटी दोनच होत्या : माध्यमिक शाळेपर्यंतचे शिक्षण, आणि मद्यापासून दोन वर्षांची संपूर्ण अलिप्तता. ह्यांपैकी दुसरी अट लक्षपूर्वक वाचली असता तिचा खरा अर्थ ध्यानात येतो. ज्याने आयुष्यात मद्याला कधी स्पर्शच केला नाही, अशा सद्गृहस्थासाठी ती लिहिलेली नव्हती. जो मद्याच्या आहारी गेला होता व त्यातून बाहेर पडला होता, त्याच्यासाठी ती होती. उमेदवाराच्या पूर्वायुष्यातील अधःपतन हाच त्याच्या पात्रतेचा भाग ठरावा, ही घटना शासकीय सेवांच्या इतिहासात असाधारणच म्हटली पाहिजे. ती घडून येण्यास जवळजवळ ऐंशी वर्षांचा वाद कारणीभूत होता, आणि ह्या पदाच्या निर्मितीनेही तो वाद मिटला नाही.

मद्यासक्ती हा नैतिक दोष नसून उपचारसाध्य रोग आहे, ही भूमिका घेऊन १८७० साली न्यूयॉर्क येथे काही वैद्यांनी एक संघटना स्थापन केली. १८७६ पासून तिचे त्रैमासिकही निघू लागले. त्याचे संपादक टी. डी. क्रॉदर्स हे त्या पिढीचे अग्रगण्य प्रवक्ते होते. ह्याच सुमारास, १८७९ मध्ये, इलिनॉय राज्यातील ड्वाइट ह्या गावी लेस्ली कीली ह्यांची संस्था सुरू झाली. सुवर्णक्षारांचा गुप्त योग म्हणून तिचे औषध गाजविण्यात आले. त्या औषधाची कीर्ती पुढे ओसरली, परंतु संस्थेची एक प्रथा इतिहासकाराच्या दृष्टीने औषधाहून अधिक महत्त्वाची आहे : तेथे बरे झालेले अनेक वैद्य तिच्याच शाखांतून चिकित्सक म्हणून काम करू लागले. क्रॉदर्स ह्यांना हे मुळीच रुचले नाही. स्वतः व्यसनी असल्यामुळे व्यसनाचे विशेष ज्ञान प्राप्त होते, ही समजूतच त्यांनी भ्रामक ठरविली. हा आक्षेप केवळ व्यावसायिक मत्सरातून आलेला होता असे म्हणता येणार नाही. कारण अशा चिकित्सकांपैकी कित्येकांना व्यसनाने पुन्हा गाठले होते. तथापि ह्या वादात रुग्णाचा विश्वास कोणावर बसतो, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांनी फारसा विचारात घेतला नाही.

तो प्रश्न प्रथम विचारात घेतला गेला तो बॉस्टनमधील एका चर्चमध्ये. एल्वुड वूस्टर ह्यांनी १९०६ साली इमॅन्युएल चर्चमध्ये धर्म, वैद्यक व मानसशास्त्र ह्यांची सांगड घालणारे उपचारकेंद्र सुरू केले. कोर्टनी बेलर हा विमा-व्यवसायातील गृहस्थ तेथे रुग्ण म्हणून आला, बरा झाला, आणि काही काळाने त्याच केंद्रात वेतन घेऊन मद्यासक्तांवर उपचार करू लागला. वैद्य नव्हे, धर्मोपदेशकही नव्हे, असा हा पहिला पेशेवाईक उपचारक होय. बेलर ह्यांच्या हाताखाली बरे झालेले रिचर्ड पीबॉडी ह्यांनी तीच पद्धती १९३१ च्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय परिभाषेत मांडली. पीबॉडींच्या उपचारांनी बरे झालेले फ्रान्सिस चेंबर्स हे फिलाडेल्फियात एडवर्ड स्ट्रेकर ह्या नामवंत मनोविकारतज्ज्ञांचे सहकारी बनले, आणि १९३८ साली उभयतांचा संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथे प्रशिक्षणाची एक परंपराच दृष्टीस पडते. ती गुरु-शिष्य परंपरा होती. अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही, शिष्याची व्याधी हाच त्याचा प्रवेश-अर्ज. तिची मर्यादाही उघड होती. अशा रीतीने दहा-वीस माणसे तयार होतील, एखाद्या राज्याची गरज भागणार नाही.

विद्यापीठाचा प्रवेश ह्या क्षेत्रात १९४३ साली झाला. येल विद्यापीठात हॉवर्ड हॅगर्ड ह्यांच्या प्रयोगशाळेतून उदयास आलेल्या मद्यविषयक अभ्यासकेंद्राने त्या वर्षी पहिली उन्हाळी शाळा भरविली. तिचे संचालन ई. एम. जेलिनेक ह्यांच्याकडे होते. शिक्षक, धर्मोपदेशक, समाजकार्यकर्ते व मद्यपानातून मुक्त झालेल्या व्यक्ती एकाच वर्गात बसून शरीरक्रियाशास्त्र व समाजशास्त्र ऐकू लागल्या, ही गोष्ट तोपर्यंत अपूर्व होती. १९६२ साली हे केंद्र रटगर्स विद्यापीठात गेले. परंतु उन्हाळी शाळेने जाणकार निर्माण केले. रुग्णालयात रोज सकाळी रुग्णासमोर बसणारा कर्मचारी तेवढ्याने तयार होत नाही.

तो तयार झाला विलमार येथे. मिनेसोटातील हे सरकारी रुग्णालय १९१२ साली मद्यासक्तांसाठीच उघडले होते. परंतु काही वर्षांतच तेथे मनोरुग्णांचीही भरती होऊ लागली, आणि मद्यासक्तांचे कक्ष इतरांप्रमाणेच कुलूपबंद राहिले. १९५० साली नेल्सन ब्रॅडली हे अधीक्षक झाले. त्यांना व त्यांचे तरुण मानसशास्त्रज्ञ सहकारी डॅनियल अँडरसन ह्यांना मद्यासक्तीविषयी फारसे ज्ञान नव्हते, आणि बहुधा हीच त्यांची जमेची बाजू ठरली. रुग्णालयीन उपचार निष्फळ ठरत असताना ‘अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ह्या स्वयंसाह्य संघटनेतील माणसे मात्र वर्षानुवर्षे मद्यावाचून राहतात, हे त्यांनी पाहिले, आणि अशा माणसांनाच रुग्णालयाच्या नोकरीत घ्यावयाचे ठरविले. कक्षांची कुलुपे काढण्यात आली. मद्यासक्तांना मनोरुग्णांपासून वेगळे ठेवण्यात आले. व्याख्याने, गटचर्चा व व्यक्तिगत समुपदेशन असा दिनक्रम आखला गेला, आणि मानसशास्त्रज्ञ, वैद्य, परिचारिका, समाजकार्यकर्ता व धर्मोपदेशक ह्यांच्या पंक्तीला समुपदेशक येऊन बसला.

ह्या नव्या पदाला विरोध दोन्ही बाजूंनी झाला. शाळेपलीकडे न शिकलेल्या माणसास रुग्णांच्या मनाशी व्यवहार करू द्यावा, हे मानसशास्त्रज्ञांना व समाजकार्यकर्त्यांना मान्य नव्हते. उलट स्वयंसाह्य संघटनेतील काही सभासदांना विनामूल्य करावयाच्या सेवेचे वेतन घेणे हा तत्त्वाचा भंग वाटत होता. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. समुपदेशकाला एकाच वेळी दोन भूमिका वठवाव्या लागत : सायंकाळच्या सभेत तो इतरांसारखाच एक मद्यासक्त असे, आणि दिवसा रुग्णालयात तो अधिकारी असे. ह्या दोहोंतील सीमारेषा कोठे आखावयाची, हे शिकविणे हाच पुढे समुपदेशक-प्रशिक्षणाचा एक मुख्य विषय झाला. विलमारमध्ये ते व्याख्यानांपेक्षा सहवासातून शिकविले गेले. मानसशास्त्रज्ञाने समुपदेशकाकडून रुग्णाची भाषा शिकावी व समुपदेशकाने त्याच्याकडून निरीक्षण व नोंद शिकावी, असा हा दुहेरी शिष्यभाव होता. १९४९ साली स्थापन झालेल्या हेझल्डेन ह्या खाजगी संस्थेत अँडरसन १९६१ साली संचालक झाले, तेव्हा ही रीत त्यांच्याबरोबर तेथे गेली. तेथील जुन्या, केवळ अनुभवावर विसंबणाऱ्या मंडळींना ती सहजासहजी पचली नाही. ‘मिनेसोटा प्रतिमान’ ह्या नावाने पुढे जगभर जे ओळखले गेले, ते ह्या घर्षणातून घडले आहे.

पर्यवेक्षणावाचून अनुभव मोकळा सुटला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरणही ह्याच काळात मिळते. १९५८ साली चार्ल्स डीडरिक ह्यांनी कॅलिफोर्नियात स्थापन केलेली ‘सिनॅनॉन’ ही संस्था अफू-हेरॉइनच्या व्यसनींनी व्यसनींसाठी चालविलेली होती. बाहेरच्या तज्ज्ञाला तेथे स्थान नव्हते. आरंभी तिची मोठी वाहवा झाली. १९७८ साली संस्थेविरुद्ध खटले लढविणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत तिच्या अनुयायांनी विषारी सर्प ठेवला, तेव्हा कोठे ह्या प्रयोगाचे अंतरंग सर्वांस कळले.

ह्या पेशाला खरे व्यापक स्वरूप आणले ते पैशाने. आयोवाचे सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज, जे स्वतः मद्यासक्तीतून मुक्त झालेले होते, त्यांच्या प्रयत्नाने १९७० च्या अखेरीस संघराज्याचा मद्यासक्ती-उपचारविषयक कायदा संमत झाला. अनुदान मिळू लागले, विमाकंपन्या देयके भागवू लागल्या. आणि पैसा देणारा सहसा विचारतो तोच प्रश्न त्यांनी विचारला : हे काम करणारा कोण, व त्याची लायकी कशी ओळखावयाची? १९७४ साली समुपदेशकांच्या राष्ट्रीय मानकांविषयी एक अहवाल तयार झाला. १९८१ साली काही राज्यांच्या प्रमाणपत्र-मंडळांनी परस्परांच्या प्रमाणपत्रांना मान्यता देण्यासाठी एक संघ उभारला. समुपदेशकाच्या कामाची बारा अंगे निश्चित झाली. प्राथमिक चाचणी, दाखला, निदानात्मक पाहणी, उपचारयोजना, संकटकालीन हस्तक्षेप, अहवाल व नोंदी अशा ह्या यादीत प्रत्यक्ष समुपदेशन हे बारांपैकी केवळ एक अंग आहे, हे सूचक नव्हे काय? वर्गातील तास, पर्यवेक्षणाखालील कामाचे तास, लेखी परीक्षा असा मार्ग आखला गेला, आणि कालांतराने पदवी व पदव्युत्तर शिक्षणाची अपेक्षा वाढत गेली. विलमारच्या पहिल्या समुपदेशकांस ह्या परीक्षेला बसण्याचीही परवानगी मिळाली नसती.

पुढच्या दाराने बाहेर पडलेला अनुभव मागील दाराने पुन्हा आत आला. जॉर्जिया राज्याने १९९९ पासून मानसिक आरोग्यसेवेत समदुःखी साहाय्यकांच्या कामाचा मोबदला सार्वजनिक आरोग्यविम्यातून देण्यास आरंभ केला, आणि २००७ साली संघशासनाने इतर राज्यांसाठी त्याची नियमावली घालून दिली. ह्या साहाय्यकाकडून पुन्हा तीच जुनी अट अपेक्षिली जाते : तो त्या वाटेने स्वतः गेलेला असावा. मात्र त्याचे वेतन व अधिकार दोन्ही पदवीधर समुपदेशकाहून कमी आहेत.

महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या क्रमाने उभा राहिला. येथे विद्यापीठीय शिक्षण आधी आले : मुंबईत १९३६ साली टाटा विश्वस्त निधीच्या साह्याने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. व्यसनमुक्तीचे केंद्र त्यानंतर अर्ध्या शतकाने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. ‘मुक्तांगण’च्या संस्थापिका डॉ. अनिता अवचट ह्या त्याच रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ होत्या, पु. ल. व सुनीता देशपांडे ह्यांचे आर्थिक साह्य त्यांस लाभले होते. अशिक्षित अनुभवी माणसांनी तज्ज्ञांचे दार ठोठावले, असे येथे घडले नाही. तज्ज्ञानेच ते आतून उघडले, आणि बरे झालेले रुग्ण तेथेच समुपदेशक म्हणून उभे राहिले. पुढे हीच संस्था पश्चिम भारतातील कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे केंद्र झाली. २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसायविषयक केंद्रीय कायद्याने वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांतील व्यावसायिकांचा एक स्वतंत्र वर्ग मान्य केला असून शिक्षणाची किमान पातळी व नोंदणी ह्यांची तरतूद केली आहे. ज्याचे शिक्षण व्यसनाने अर्ध्यावर तुटले, आणि जो गेली वीस वर्षे नव्या रुग्णाच्या खाटेशेजारी बसत आला आहे, त्याचे नाव ह्या नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हा मिनेसोटाच्या नागरी सेवेपुढे १९५४ साली असलेलाच प्रश्न आहे.