सुट्टी कोणाच्या खात्यावर?

नवं वर्ष लागण्याआधी राज्य शासन सुट्ट्यांची यादी राजपत्रात छापतं. ती यादी आपण वाचत नाही, कॅलेंडरवरचा लाल आकडा आपल्याला पुरतो. पण त्या अधिसूचनेत एका कायद्याचं नाव असतं: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. आता बघा, दिवाळी, ईद, महावीर जयंती यांचा व्यापारी बिलांच्या कायद्याशी काय संबंध?

त्यासाठी कारंज्याला जावं लागेल. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली होती आणि कारंज्याचा कापूस बैलगाडीने मूर्तिजापूर गाठून मुंबईला जाऊ लागला होता. आपली शकुंतला, ती नॅरोगेज, पुढे विसाव्या शतकात आली. मुंबईहून माल जहाजात चढायचा. पण मालाच्या आधी कागद धावायचा. अमुक दिवसांनी पैसे द्यावेत, असं ते बिल. ती मुदत नेमकी सुट्टीच्या दिवशी भरली तर? कलम २५ सांगतं, आदल्या कामाच्या दिवशी पैसे द्या. म्हणजे सुट्टीमुळे देणं अलीकडे येतं. माल मात्र पलीकडे जातो, कारण बंद गोदामातून गाठ कोण काढणार? (देशी भाषेतल्या हुंडीला या कायद्याने स्थानिक रूढीची मोकळीक ठेवली होती. सावकारांचं पंचांग वेगळंच!)

जहाजाचा हिशेब आणखी निराळा. माल चढवायला-उतरवायला मोजून वेळ मिळतो. करारात ‘रविवार व सुट्ट्या वगळून’ असं लिहिलेलं असलं की सणाच्या दिवशी घड्याळ थांबतं आणि उभ्या जहाजाचा खर्च मालकाच्या अंगावर पडतो. ‘धरून’ असं लिहिलं, तर तो भाड्याने घेणाऱ्याच्या अंगावर. आणि एकदा डेमरेज सुरू झालं की सहसा सुट्टीचीही सवलत उरत नाही.

आज बँकेचं पतपत्र घ्या. त्याचे आंतरराष्ट्रीय नियम २००७ पासून चालू आहेत. कागद सादर करायच्या शेवटच्या दिवशी बँकेला सुट्टी असेल, तर पुढचा कामाचा दिवस मिळतो. पण माल जहाजात चढवायची शेवटची तारीख मात्र त्यामुळे हलत नाही. माझ्या मते यातली खरी मेख हीच. एकच सुट्टी, पण बिलाला ती मागे ओढते, कागदाला पुढे ढकलते आणि मालाला अजिबात ओळखत नाही. तत्त्वज्ञान शिकवताना ‘काळ सर्वांना सारखा’ हे वाक्य मी पुष्कळदा फळ्यावर लिहिलं. व्यापाऱ्याने ते केव्हाच खोडलेलं आहे.

आणि शेतकरी? पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, ही रूढीची सुट्टी, तिला राजपत्र लागत नाही. पण दिवाळीत बाजार समिती बंद राहणार म्हटलं की वाशीम, कारंज्याच्या आवारात आधीच्या दिवसांत सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते. घरात साठवायला जागा नाही, दाण्यात ओल आहे, सणाला पैसा हवा आहे. तो मिळेल त्या भावाने मोकळा होतो. त्याची मुदत एक दिवसही इकडेतिकडे करणारं कलम यांपैकी कशातच नाही.