मुलांसह मुंबईत मुक्काम : हॉटेल निवडताना काय पाहावे?

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली की राज्यभरातील अनेक घरांत मुंबई पाहण्याचा बेत शिजू लागतो. राणीच्या बागेतील पेंग्विन, गेटवेची बोट, जुहूची वाळू आणि आता भुयारी मेट्रो, अशी यादी मुलांनी आधीच तयार ठेवलेली असते. पूर्वी अशा वेळी गिरगावातल्या मामाकडे किंवा परळच्या काकांकडे पथारी पडत असे. आता यजमानांची घरे लहान झाली, नोकऱ्यांच्या वेळा विचित्र झाल्या आणि पाहुण्यांनाही संकोच वाटू लागला. त्यामुळे हॉटेलचा शोध सुरू होतो आणि पहिल्याच पानावर 'फॅमिली हॉटेल', 'किड्स फ्रेंडली' असे शब्द सामोरे येतात.

या शब्दांमागे कोणतेही अधिकृत मोजमाप नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारांकित दर्जा देते, तो इमारत, खोल्या, स्वयंपाकघर आणि सेवा यांची पाहणी करून. हॉटेलला किती तारे आहेत यावरून सहा वर्षांचे मूल तेथे दुपारी चार ते सात काय करील, हे कळत नाही. पालकांनी खरे तर याच तीन तासांची चौकशी करायला हवी. मुंबईच्या उकाड्यात लहान मुले सकाळी अकरापर्यंत हिंडतात, मग कोमेजतात. जेवून झोपतात आणि उठल्यावर पुन्हा ताजीतवानी होतात. म्हणजे दिवसाचा निम्मा भाग हॉटेलातच जातो. केवळ झोपण्यापुरती खोली, हा हिशेब प्रौढांच्या सहलीत चालतो. मुलांच्या सहलीत तो पहिल्याच दुपारी कोलमडतो.

ठिकाण ठरवताना नकाशावरील अंतरापेक्षा प्रवासाला लागणारा वेळ पाहावा. मुलांच्या आवडीची बहुतेक ठिकाणे दक्षिण व मध्य मुंबईत आहेत. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच राणीची बाग. वरळीचे १९८५ साली सुरू झालेले नेहरू विज्ञान केंद्र. तेथून जवळच नेहरू तारांगण. आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारातील, २०१९ मध्ये उघडलेले मुलांचे संग्रहालय. या भागात राहिल्यास टॅक्सीचे भाडे आणि मुलांची चिडचिड, दोन्ही वाचतात. मात्र कुलाबा-फोर्ट परिसरातील मध्यम दराची अनेक हॉटेले जुन्या इमारतींत आहेत. खोल्या चिंचोळ्या, जिने उभे आणि खेळायला जागा म्हणजे खोलीबाहेरचा बोळ. पोहण्याचा तलाव हवा असेल तर तेथे एकदम बड्या हॉटेलांच्या दराला जाऊन भिडावे लागते.

विमानतळाच्या आसपास, अंधेरी-मरोळ पट्ट्यात, चित्र उलटे दिसते. तेथील मोठी हॉटेले मुख्यतः कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात. शनिवार-रविवारी हा वर्ग ओसरतो, खोल्या रिकाम्या राहतात आणि दर अनेकदा खाली येतात. प्रशस्त खोली, तलाव आणि मुलांचा कक्ष या गोष्टी तेथे तुलनेने कमी पैशांत मिळू शकतात. पूर्वी अडचण होती ती दक्षिण मुंबईत पोहोचण्याची. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर सुरू झाल्यापासून ती बरीच कमी झाली आहे. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपाशी, विज्ञान केंद्रापाशी आणि हुतात्मा चौकात तिची स्थानके आहेत. हॉटेल विमानतळाजवळ घ्यायचे असेल तर मेट्रोचे स्थानक मुलाला चालत जाता येईल इतके जवळ आहे का, एवढे विचारून घ्यावे.

जुहूला समुद्र आहे, मात्र पावसाळ्यात तेथे पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते. मग सारी भिस्त हॉटेलातील सोयींवर राहते. दादरमध्ये मुलांचा वेगळा कक्ष असलेले हॉटेल शोधणे व्यर्थ आहे. पण तेथे शिवाजी पार्क आहे आणि संध्याकाळी त्या मैदानावर मोकळे सोडलेल्या मुलाला अन्य करमणूक लागत नाही. कमी खर्चात मुक्काम करू पाहणाऱ्यांनी ही सोय लक्षात ठेवावी.

वाराचाही विचार व्हावा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, घारापुरीची लेणी आणि नेहरू तारांगण सोमवारी बंद असतात. राणीची बाग बुधवारी. रविवारी येऊन मंगळवारी परतणाऱ्या कुटुंबाचा सोमवार अशा रीतीने अर्धा रिकामा जातो आणि त्याच दिवशी हॉटेलातील 'मुलांचे उपक्रम'ही बंद असल्याचे कळते. कारण पुष्कळ ठिकाणी हे उपक्रम केवळ शनिवार-रविवारी चालतात.

या उपक्रमांविषयी थोडे सविस्तर. माहितीपत्रकात 'किड्स क्लब' असे झोकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती रंगीत गालिचा, एक घसरगुंडी आणि दूरचित्रवाणी संच असलेली खोली निघू शकते. तशी खोली वाईट नव्हे, पण तिच्यासाठी रात्रीला हजार-दोन हजार रुपये जास्त मोजण्याचे कारण नाही. आरक्षणापूर्वी हॉटेलला दूरध्वनी करून कक्षाचे वेळापत्रक मागावे. ज्या हॉटेलात खरोखर उपक्रम चालतात, तेथील कर्मचारी चटकन सांगतात की चार वाजता मातीकाम, पाच वाजता छोट्यांचा स्वयंपाकवर्ग, सहाला गोष्टी. उत्तर 'सगळे काही आहे' असे आले तर बहुधा काही नाही, असे समजावे.

दुसरा प्रश्न वयाचा. असे कक्ष साधारणतः चार ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असतात. त्याहून लहान बाळाबरोबर आई-वडिलांपैकी एकाला बसावेच लागते आणि तेरा वर्षांच्या मुलाला तेथे जाण्याची लाज वाटते. घरात तीन आणि तेरा अशी दोन मुले असतील तर 'किड्स क्लब'चा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी तलाव, टेबल टेनिस, कॅरम असलेले साधे हॉटेल अधिक बरे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : मुलांवर लक्ष कोण ठेवते? कक्षात नेमलेली व्यक्ती हॉटेलच्या सेवेत आहे की बाहेरच्या संस्थेची, एका वेळी किती मुले घेतली जातात, मूल सोडताना व नेताना नोंदवहीत सही घेतात का आणि सही करणाऱ्याखेरीज अन्य कोणाच्या हाती मूल देतात का, हे निःसंकोच विचारावे. खोलीवर येऊन मूल सांभाळणारी बाई हॉटेलमार्फत बोलावण्याची सोय काही ठिकाणी असते. तिच्या ओळखीची खातरजमा कोणी केली, याचे उत्तर हॉटेलने द्यायला हवे. ते देता येत नसेल तर त्या सोयीचा मोह टाळलेला बरा.

तलाव हे मुलांचे सर्वांत मोठे आकर्षण आणि पालकांनी सर्वाधिक सावध राहण्याची जागाही तीच. बुडणारे मूल चित्रपटात दाखवतात तसे हात मारत ओरडत नाही. ते बहुतेक वेळा गुपचूप पाण्याखाली जाते आणि काठावर बसलेल्यांना पत्ता लागत नाही. म्हणून लहानांचा उथळ तलाव मोठ्यांच्या तलावापासून भिंतीने किंवा कुंपणाने वेगळा आहे का, हे पाहावे. एकाच तलावाचा एक कोपरा उथळ आणि पुढे उतरता तळ, अशी रचना लहान मुलांसाठी धोक्याची. खोलीचे आकडे काठावर लिहिलेले असावेत. जीवरक्षक कोणत्या वेळेत हजर असतो, हे विचारावे. 'पोहणे स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावून हॉटेल मोकळे होते आणि तलावाकाठी टॉवेल देणाऱ्यालाच पालक जीवरक्षक समजून बसतात. जीवरक्षक असला तरी लहान मुलाबरोबर पाण्यात मोठे माणूस हवेच, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नसावा. पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे का, दुरुस्तीसाठी किंवा पावसाळ्यात तलाव बंद ठेवतात का, हेही आधीच विचारावे. सुती कपड्यांतील मुलाला पाण्यात उतरू दिले नाही, तर पुढचा तास रडारडीत जातो.

खोली मिळाल्यावर सामान उघडण्याआधी खिडक्या पाहाव्यात. उंच मजल्यावरील खिडकी पूर्ण उघडते का, तिच्याखाली मूल चढू शकेल असा सोफा किंवा टेबल आहे का? गॅलरीच्या कठड्याच्या गजांत चार इंचांहून रुंद फट असेल, किंवा आडव्या पट्ट्यांची शिडी होत असेल, तर खोली बदलून मागावी. समुद्र दिसणाऱ्या गॅलरीसाठी हॉटेले जादा दर लावतात. दोन वर्षांच्या मुलासह जाणाऱ्यांनी पैसे वाचवून बंद खिडकीची खोली घ्यावी.

मग आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा जिना. हा विषय सहलीच्या तयारीत कोणी काढत नाही. दिल्लीच्या करोलबागेतील हॉटेलात १२ फेब्रुवारी २०१९ रोजी लागलेल्या आगीत १७ जण मृत्युमुखी पडले. कोलकात्याच्या बडा बाजार भागातील हॉटेलात २९ एप्रिल २०२५ रोजी १४ जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. बहुतेकांचा बळी धुराने घेतला. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतींच्या मालकांनी आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचे असते. ते पाहायला मागणारा पाहुणा क्वचितच भेटतो, तरी मागण्यास हरकत नसावी. निदान आपल्या मजल्यावरील आपत्कालीन दार मुलांना घेऊन एकदा उघडून पाहावे. ते कुलूपबंद असेल, किंवा जिन्यावर गाद्या आणि खुर्च्या रचून ठेवल्या असतील, तर व्यवस्थापकाला तेथेच बोलावून दाखवावे आणि समाधान न झाल्यास मुक्काम हलवावा. दार आणि खोली यांमध्ये किती दारे लागतात, हे मुलांना मोजायला सांगितल्यास त्यांना तो खेळ वाटतो आणि आकडा लक्षात राहतो.

जेवणाबाबत मुंबईत फारशी चिंता नको. न्याहारीला इडली, पोहे, उपमा बहुतेक ठिकाणी मिळतात. विचारायचे ते एवढेच की, तिखट नसलेला वरण-भात सांगितल्यास करून देतात का आणि रात्री अकरानंतर दूध गरम करून मिळेल का. खोलीत पाणी तापवण्याची विजेची किटली असेल तर अर्धे काम होते.

खोली ताब्यात देण्याची वेळ हा मात्र बाहेरगावच्या कुटुंबांना हमखास नडणारा मुद्दा आहे. कोल्हापूरची महालक्ष्मी एक्स्प्रेस किंवा नागपूरकडून येणारी विदर्भ एक्स्प्रेस मुंबईत सकाळीच पोहोचवते, तर हॉटेले खोली देतात दुपारी दोनला. रात्रभर प्रवास केलेली मुले स्वागतकक्षात सहा तास कशी बसणार? लवकर प्रवेश मिळेल असे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. ते आरक्षणाच्या पत्रात लिहून घ्यावे. तेही शक्य नसेल तर सामान ठेवणे, अंघोळ आणि न्याहारी यांची सोय तरी मागावी.

पैशांचा हिशेब करताना दरपत्रकातील लहान अक्षरे वाचावीत. 'मुले मोफत' याचा अर्थ कोठे पाच वर्षांपर्यंत, कोठे बारापर्यंत असा होतो आणि तो बहुधा पालकांच्याच पलंगावर झोपण्यापुरता असतो. जादा गादी आणि मुलाची न्याहारी यांचे वेगळे पैसे पडतात. दोन मुलांसह चौघांच्या कुटुंबाने दोन जादा गाद्यांचा दर आणि आतून दाराने जोडलेल्या दोन लहान खोल्यांचा दर यांची तुलना जरूर करावी. फरक कधी कधी अगदी किरकोळ निघतो.

कराची रेषाही ध्यानात असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते, तर ७,६०० रुपयांची थेट ८,९६८ रुपयांना. शंभर रुपयांच्या फरकापोटी हजारावर भुर्दंड. संकेतस्थळावर दिसणारा आकडा करासह आहे की कराविना, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

उपाहारगृहाच्या बिलात 'सेवा शुल्क' आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. शुल्क लावलेले आढळल्यास ते काढून टाकण्यास सांगावे. हॉटेलने नकार दिला, किंवा जाहिरातीतील तलाव वा मुलांचा कक्ष प्रत्यक्षात बंद निघाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी आरक्षणाचे पत्र, जाहिरातीच्या पानाची प्रत आणि कुलूप लावलेल्या दाराचे छायाचित्र जवळ असावे.